खांद्यावरचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पोटभर जेवणारा मी एकटाच होतो. चुलीवरून उतरलेली पहिली भाकर माझ्या ताटात पडायची, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर तेलाची धार. माझे वडील आबा आणि धाकटी बहीण शेवंता समोर बसलेले असायचे, पण माझं झाल्याशिवाय त्यांच्या ताटात काही वाढायचं नाही, असा आबांनी नियमच घालून दिला होता. मी एखादा तुकडा हळूच शेवंताकडं सरकवला की माय डोळे मोठे करून तो परत माझ्याकडं सरकवायची. "ते गावाचं हाय," म्हणायची. "तुजं न्हाय आन माजंबी न्हाय."

ते खरंच होतं. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर कुणी वाटीभर दूध ठेवून गेलेलं असायचं, कुणी गुळाचा खडा, कुणी ओंजळभर शेंगदाणे, कधी फडक्यात गुंडाळलेली दोन अंडी. ज्यांच्या घरची लेकरं बिनदुधाचा चहा पीत होती, त्यांनी ठेवलेलं ते दूध. कुणाचं आहे हे कळू नये म्हणून लोक उजाडायच्या आधी येऊन ठेवत. माझं पिऊन झालं की शेवंता वाटी घासायला न्यायची आणि घासायच्या आधी बोटानं तिचा तळ पुसून चाटायची. मला ते दिसायचं. ती सात-आठ वर्षांची होती.

त्या वर्षी मी गावाचा पोरगा होतो. उभ्या कावडीसाठी गावानं मला निवडलं होतं.

हे आता सांगावं लागतं. तेव्हा आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पाऊस रुसला, एक वर्ष, दोन वर्षं, मग लोकांनी मोजणं सोडलं. तळी आधी पाणी मंडळाकडं गेली, मग बोअर, मग विहिरी. विहिरींवर लोखंडी झाकणं बसली, झाकणांना कुलपं लागली, आणि स्वतःच्या विहिरीतून पोहरा काढणाऱ्याला पोलीस नेऊ लागले. सगळं एका दिवसात झालं असतं तर लोकांनी दगड उचलले असते. पण ते चावडीवर एकेक कागद चिकटत आलं, आणि एका कागदासाठी कोण दगड उचलतं? शेवटी पाणी टँकरनं यायला लागलं आणि टँकर कुठल्या गावाला किती वेळा, हे ठरवायला मंडळानं ही स्पर्धा काढली. फ्लेक्सवर तिचं नाव भलतंच मोठं होतं, युवा, शक्ती, महोत्सव असले शब्द त्यात होते. लोक तिला उभी कावड म्हणत.

एकेका गावानं पंधरा ते अठरा वयाचा एक मुलगा द्यायचा. खांद्यावर कावड घ्यायची, म्हणजे बांबूचा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोरीत टांगलेल्या दोन भरल्या घागरी. चुन्यानं आखलेल्या गोलात उन्हात उभं राहायचं. खांदा बदलायला परवानगी, बसायला नाही. घागर जमिनीला टेकली, पाणी सांडलं, पाणी प्यालं किंवा कुणाला पाजलं, की बाद. जो शेवटपर्यंत उभा, त्याच्या गावाला वर्षभर रोज टँकर. दुसऱ्याच्या गावाला दिवसाआड. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा. आदल्या वर्षी वाशीकडचा एक मुलगा उभ्या उभ्याच गेला होता. त्याचा हार घातलेला फोटो ह्या वर्षीच्या फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात होता.

माझी नात मला विचारते, आजोबा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत? मी तिला सांगतो की आमच्या गावात सतरा वर्षांची चार पोरं होती आणि चौघंही हो म्हणाली होती. देवळापुढं आमची चाचणी झाली तेव्हा मी जिंकलो म्हणून मला आनंदच झाला होता. नातीला ते पटत नाही. मलाही आता पटवता येत नाही.

मी जिंकलो त्याचं कारण आबा. आमचं घर मेंढपाळांचं. माणशी दोन हंडे हा मंडळाचा हिशेब झाला, त्यात मेंढरांचा हंडा नव्हता, म्हणून एका सकाळी सगळा कळप ट्रकमध्ये चढला आणि गेला. त्यानंतर आमचं घर फार शांत झालं. बें बें करणारी कोकरं नाहीत, खुरांची टपटप नाही, आबांचं शीळ घालणं नाही. तरी आबा रोज त्याच वेळी उठायचे, मेंढरांच्या रिकाम्या वाडग्यापाशी जाऊन काठीवर हनुवटी टेकवून उभे राहायचे आणि ऊन चढलं की परत यायचे. दिवसभर उन्हात उभं राहणं ही एकच विद्या त्यांच्यापाशी होती. ती त्यांनी मला दिली.

"गुडघा ताठ करू नगंस," ते सांगायचे. "ताठला की डोळ्यापुढं अंधारी येती. ढिला ठेव. ह्या पायावरून त्या पायावर, ह्या पायावरून त्या पायावर. आन पान्याकडं बघायचं न्हाय. लांबचं एक झाड धर. आंग उभं असू दे, मन खाली बसीव."

वाडग्यातच मी सराव केला. घागरींत पाण्याऐवजी वाळू भरायची, कारण सरावापुरतंही पाणी गावात नव्हतं. माय दुपारी दारात यायची, बघायची आणि आत जायची. एकदा मात्र तिनं आबांना विचारलेलं मी ऐकलं, "आवं, पर तुमी मेंढरू तरी आसं उन्हात बांधून ठिवलं असतं का?" आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "त्याला शिकीवतोय ते त्यो जिता परत यावा म्हनून. जिकायसाठी न्हाय." ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही. मला वाटत होतं, आपण जिंकण्यासाठीच शिकतोय.

स्पर्धा तेरणा नदीवरच्या एका तळ्याच्या कोरड्या पोटात होती. पहाटे मायनं हुलग्याचं माडगं पाजलं, ऊन ऊन, गूळ घातलेलं. वाटी माझ्या हातातून घेताना तिनं माझी बोटं क्षणभर धरून ठेवली. टेम्पोतून अर्धा गाव आला होता. तळ्याचा गाळ वाळून त्याच्या हातहात रुंदीच्या खपल्या निघाल्या होत्या, त्यावर चुन्याचे एकोणीस गोल. एका बाजूला मांडव, मांडवात मंडळाचे साहेब, लाऊडस्पीकर, पंखा. दुसऱ्या बाजूला दोर बांधून मागं गावं उभी केलेली. हलगी तापवायला त्या दिवशी जाळ लागला नाही, उन्हातच ती कडक झाली.

माझ्या शेजारच्या गोलात तेर गावचा मुलगा होता, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. सोपान त्याचं नाव. कुंभाराचा पोरगा, अंगानं बारीक, पण मनगटं जाड. कावड खांद्यावर घेतल्या घेतल्या तो बोलायला लागला.

"तुजं नाव?"

"म्हादू."

"म्हादू, आमी आयुष्यभर घागरी घडीवल्या, आन आता ह्या स्टीलच्या घागरी आमच्याच मानंवर. हाय का न्हाय गंमत?"

मी आबांनी सांगितल्याप्रमाणं लांबचं बाभळीचं झाड धरलं होतं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याचं बोलणं ऐकायला बरं वाटत होतं. ऊन वर येत गेलं तसा त्याच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. तो म्हणाला, "आमच्या माठाला आसा घाम येतो तवा आतलं पानी गार व्हतं. मला घाम येतोय तवर समज मी गार हाय." मी हसलो. त्या दिवशी मी हसलो होतो, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

पहिला बाद झाला तो बेंबळीचा मुलगा. दीड-दोन तासांतच त्याची घागर टेकली आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. त्याच्या गावची माणसं मान खाली घालून उभी राहिली. पण त्याची आई दोराखालून वाकून धावत आली आणि तिनं त्याला असं मिठीत घेतलं, असं हसत हसत घेतलं, की त्या दिवशी त्या तळ्यात आनंदी बाई ती एकटीच असावी. मग एकेक करत पोरं गळत गेली. कुणाचा खांदा सुटला, कुणाला ओकारी झाली, कुणी नुसतंच खाली बसून राहिलं. डोक्यावर ऊन आलं तेव्हा आम्ही सात होतो. हलगीवाले थकले आणि मांडवाच्या सावलीला गेले, आणि मग एकच आवाज राहिला. कुणी खांदा बदलला की घागरीतलं पाणी डुबुक करायचं. तहान लागलेल्या माणसाच्या कानापाशी तो आवाज काय करतो ते मला नीट लिहिता येणार नाही. जीभ टाळूला चिकटली होती. खांद्याची कातडी सोलून दांड्याला लागली होती. आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटर पाणी लोंबत होतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही दोघंच उरलो, मी आणि सोपान.

बराच वेळ तो बोलला नव्हता. मग अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाला, "म्हादू, एक ओंजळ दे रं. सायब तिकडं तोंड करून हायत. कुनाला दिसत न्हाय."

खरंच साहेब तिकडं तोंड करून होते. मला ते दिसत होतं. मी बाभळीकडं बघत राहिलो. मी त्याचं ऐकलं होतं, आणि ऐकलंच नाही असं केलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुजं गावबी तहानलेलंच हाय."

त्यानंतर साहेबांसाठी कुणीतरी सरबत आणलं. त्यांनी ते सावकाश प्यालं, मधेच कुणाशी तरी बोलले, हसले, उरलेलं संपवलं आणि ग्लास परत दिला. एवढा वेळ गेला. तेवढ्या वेळात मी काय विचार करत होतो, तर माझे पाय चांगले आहेत, गुडघे ढिले आहेत, आणि आता हा पडेल. मी त्याच्या पडण्याची वाट बघत होतो. दोरामागं आमच्या गावानं एकमेकांचे हात धरले होते.

मग मी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर घाम नव्हता. एक थेंब नाही. चेहरा तव्यासारखा लाल आणि कोरडा ठक्क. डोळे उघडे होते पण ते माझ्याकडं बघत नव्हते. तो मोठ्यानं बोलायला लागला, घरात बोलावं तसं. "माय, चाक थांबीव गं. माती वाळली. पानी दे हाताला, पानी दे."

आबांनी ऊन लागलेली मेंढरं मला दाखवली होती. ती अशीच आधी कोरडी पडतात.

मी कावड खाली ठेवली. विचार करून ठेवली असं म्हणणार नाही, पण हातून सुटलीही नाही. मी ती ठेवली. मागून आमच्या गावाचा एकच श्वास आल्याचं मला ऐकू आलं. घागर उचलली, त्याच्या गोलात गेलो आणि ओंजळीनं त्याच्या तोंडाला पाणी लावलं. पहिली ओंजळ हनुवटीवरून सांडली. दुसरीला त्याचा घसा हलला, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग मी उरलेली घागर त्याच्या डोक्यावर ओतली. तेव्हा कुठं त्याचे गुडघे दुमडले आणि तो माझ्या अंगावर आला. त्याच्या घागरी आडव्या झाल्या. ते पाणी गाळाच्या भेगांत इतक्या पटकन गेलं, की धावत आलेल्यांपैकी कुणाच्या हाताला ते लागलंसुद्धा नाही.

साहेबांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, शेजारच्याला काहीतरी विचारलं. मग लाऊडस्पीकरवरून सांगितलं की आमच्या गावाची कावड आधी टेकली आहे, सबब तेर विजयी. तेरच्या माणसांनी टाळी वाजवली नाही. सोपानच्या वडिलांनी त्याला लेकरासारखा उचलला आणि जीपकडं पळाले. धाराशिवच्या वाटेवरच तो गेला, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

मी तिथंच भेगाळलेल्या गाळावर बसलो होतो. आबा दोर ओलांडून आले आणि माझ्या आणि उन्हाच्या मधे उभे राहिले. त्यांची सावली मला पुरेल अशा बेतानं थोडे सरकले. मला उठता येईपर्यंत ते तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर वाटी नव्हती, आणि ते बरोबरच होतं. गाव वाईट नव्हतं. कुणी आमच्यावर हात उगारला नाही, वाळीत टाकलं नाही. पण दिवसाआड येणाऱ्या टँकरच्या रांगेत माय उभी राहिली की पुढची बाई मागं बघून म्हणायची, "आमच्या घागरी मोकळ्या, आन ह्येंच्या पोराला पुन्य लागतंय." माय घागर घेऊन यायची, कोपऱ्यात ठेवायची आणि माझ्या ताटात भाकर वाढायची. आता आम्ही चौघं एकदम जेवत होतो. सरपंच तात्या एकदा घरी आले. चांगला माणूस, लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलेला. दारातच उभं राहून म्हणाले, "पाच मिन्टं, म्हादू. त्यो पडनारच व्हता रं. पाचच मिन्टं थांबला आसतास."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला पस्तावा होतोय. मला पस्तावा होतच होता. सगळं गाव मला म्हणत होतं की तू थांबला नाहीस, आणि मी किती थांबलो होतो हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. एक ग्लास सरबत संपेपर्यंत. रात्री पडलो की तो ग्लास मला दिसायचा, त्यातली लिंबाची फोड दिसायची.

उभी कावड पुढं दोन वर्षं चालली. पुढच्या वर्षी तेरनं पोरगा दिला नाही. मग आमच्या गावानंही दिला नाही, आणि तो ठराव सरपंच तात्यांनीच मांडला. आम्हाला वर्षभर आठवड्याला एक टँकर मिळाला, लोकांनी तो सोसला. त्याच्या पुढच्या वर्षी एकोणीसपैकी सहाच गोल भरले. मग मंडळानं फ्लेक्स लावणं बंद केलं. बंद केली असं कुणी जाहीर केलं नाही, नुसती ती झाली नाही. विहिरींची कुलपं निघायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. लोक मला म्हणतात, तुमच्यामुळं बंद पडली. मी त्यांना थांबवतो. जे घडलं त्यात माझा वाटा किती आणि कसा, ते मी एकाच बाईला सांगितलं, आणि तिच्याबद्दलच मला शेवटी सांगायचं आहे.

सोपानचा तेरावा झाल्यावर आबा एका सकाळी म्हणाले, "चल, कापडं घाल." कुठं ते मी विचारलं नाही. आम्ही एसटीनं तेरला उतरलो आणि विचारत विचारत कुंभारवाड्यात गेलो. घर लहान होतं. अंगणात निळा ड्रम काठोकाठ भरलेला, त्यावर झाकण, झाकणावर दगड. पडवीत चाक उभं होतं, बाजूला न भाजलेली मडकी ओळीनं ठेवलेली. सोपानचे वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी आबांना बघून नुसतं घोंगडं पुढं सरकवलं. आई आतून आली. बारीक बाई, सोपानसारखीच. पदर डोक्यावर नीट घेऊन ती माझ्यासमोर बसली.

"तूच व्हय त्यो?"

"व्हय, मावशी."

ती माझ्या हातांकडं बघत होती, तोंडाकडं नाही. मग तिनं विचारलं, "त्यानं पानी मागितलं व्हतं का रं?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मला 'नाही' म्हणता आलं असतं. तिथं त्याचं ते हळू मागणं माझ्याशिवाय कुणीच ऐकलं नव्हतं.

"मागितलं व्हतं," मी म्हणालो. "दोनदा. पयल्यांदा मागितलं तवा म्या दिलं न्हाय, मावशी. ऐकून बाभळीकडं बघत ऱ्हायलो. म्या त्याच्या पडायची वाट बघत व्हतो."

आबांच्या हातातली काठी खाली पडली. त्यांनाही हे आताच कळत होतं. सोपानच्या वडिलांनी डोळे मिटले. मला वाटलं, ही बाई आता उठेल, मला मारेल, आणि ती मारेल तर बरं होईल.

ती उठली नाही. "आन दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा दिलं."

"प्याला का?"

"प्याला. दोन घोट. घसा हाललेला म्या बघितला."

"नक्की?"

"नक्की, मावशी. दोन."

तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत राहिले, आवाज मात्र आला नाही. आम्ही तिघं पुरुष तसेच बसलो होतो. मग तिनं तोंड पुसलं आणि कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "म्हंजी तहानलेला न्हाय गेला त्यो. म्या इतके दिस त्येच धरून बसले व्हते, की तहानलेला गेला." आणि मग माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघून, "तू खरं बोललास. पयलं खरं बोललास म्हनून दुसरंबी खरं वाटलं मला. दोन घोटाचं."

ती आत गेली. आतून चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग परातीत पीठ पडल्याचा.

"बसा," ती आतूनच म्हणाली. "जेवल्याबिगर जाऊ नगा."

आबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला, आणि आम्ही बसलो.